नरसाबाईंचे एकतीस सांडवे

देगलूरच्या बाहेर वन विभागाची रोपवाटिका आहे आणि तिच्या पाठीमागे एक टेकडी. तेलंगणा इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आमच्याकडे टेकडीला टेकडी कुणी म्हणत नाही, गुट्टा म्हणतात. रोपवाटिकेच्या फाटकापासून गुट्ट्याच्या माथ्यावरून पलीकडच्या वस्तीपर्यंत जाणारी पायवाट एक हजार सातशे चाळीस मीटर लांब आहे. आमच्या बाजूला तिला नऊ वळणं आहेत आणि सगळ्या वाटेवर मिळून एकतीस सांडवे आहेत. लांबी मी टेपने तीनदा मोजली आहे. सांडव्यांचा आकडा मात्र माझा नाही, तो नरसाबाईंचा आहे.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक आहे, म्हणजे लोकांच्या जमिनी मोजून देतो. तीन वर्षांपूर्वी माझी उपाशीपोटीची साखर एकशे अठ्ठ्याऐंशी निघाली. डॉक्टरांनी रोज चाळीस मिनिटं चढ-उताराचं चालायला सांगितलं. देगलुरात चढ-उतार म्हणजे गुट्टा, दुसरा पर्याय नव्हता.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट. दुसऱ्या आणि तिसऱ्या वळणाच्या मधून लोकांनी सरळ वर चढणारी एक आडवाट पाडली होती. तिच्या तोंडाशी कुणीतरी बोराटीच्या काटेरी फांद्या टाकून ठेवल्या होत्या. मी काठीने फांदी बाजूला केली आणि पाऊल टाकणार, तेवढ्यात खालून आवाज आला.

“ओ साहेब! बोराटी कामून हटवलाव?”

खाली रोपवाटिकेच्या कुंपणाशी एक बाई उभी होती. ठेंगणी, काटक, काळीसावळी. लुगड्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट फडकं आणि हातात जर्मनचा तांब्या. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात.

“वाट अडली होती,” मी म्हणालो.

“अडली न्हाई, अडवली हाय. म्या.”

“वळणानं गेलं तर बावीस मीटर जास्त पडतात.” हे मी आदल्या दिवशीच मोजलं होतं.

“मंग चालाया आलाव का चालणं वाचवाया?”

बाई वर चढून आल्या, फांदी उचलून पुन्हा होती तिथे टाकली आणि पायाने दाबली. “तुमी येक जन वर गेलाव का मागं धा जन जातेत. धा जनाच्या पायामागं पाणी उतरतंय. पाण्याला येकदा शाटकट घावला की ते वळण इचारत न्हाई, साहेब.”

मी वळणाने गेलो. माझ्या पायाला दोन काटे लागले होते, ते वर जाऊन काढले.

या नरसाबाई. रोपवाटिकेत रोजंदारीवर कामाला होत्या: पिशव्यांत माती भरणं, रोपांना पाणी घालणं, तण काढणं. त्याआधीचं सगळं आयुष्य मातीकामात गेलेलं. पाझर तलाव, नालाबांध, डोंगरावरच्या समतल चरी, जिथे जिथे सरकारी काम निघालं तिथे तिथे त्यांनी टोपलं उचललं होतं. नवरा लवकर गेला. एक मुलगी, ती बिलोलीकडे दिलेली. वयाचा मात्र पत्ता लागत नसे. आकड्यांची मला सवय असल्याने मी एकदोनदा विचारलं. जड दगड उचलायचा असला की त्या म्हणत, “पासष्टची झाले म्या, जवान मानसं कशाला हायेत?” आणि कुणी हात द्यायला पुढे झालं की, “सोडा, पंचेचाळीस काय वय हाय का?” मी त्यांना मावशी म्हणायचो, पण त्या माझ्याच वयाच्या असाव्यात अशी शंका मला शेवटपर्यंत होती.

सांडवा म्हणजे काय हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. बांधात किंवा तळ्यात जास्तीचं पाणी निघून जायला जो मार्ग ठेवतात तो सांडवा. नरसाबाईंनी तोच शब्द पायवाटेला लावला होता. वाटेवर थोड्या थोड्या अंतराने त्या एक तिरपी, उथळ चरी काढत, खालच्या अंगाला दगड बसवत आणि तिचं तोंड उताराकडे मोकळं ठेवत. चालणाऱ्याला ती जाणवतही नाही. वरून वाहत येणारं पाणी मात्र प्रत्येक सांडव्यापाशी वाट सोडून गवतात जातं. सांडवा नसेल तर तेच पाणी वाट धरून पळत सुटतं, माती नेतं, आणि दोन पावसाळ्यांत पायवाटेचा ओहोळ होतो.

मी गेलो तेव्हा गुट्ट्यावर असे बारा सांडवे होते. ते एकट्या नरसाबाईंनी, कामावरून येता-जाता काढलेले. याची माहिती गावात कुणाला नव्हती. आम्हाला वाटायचं, वाट आपोआप चांगली आहे.

पुढे चालायला येणाऱ्यांचा आमचा एक गट जमला आणि दर रविवारी सकाळी दोन तास श्रमदान करायचं ठरलं. पहिल्या रविवारी त्रेचाळीस माणसं आली. दुसऱ्या रविवारी एकोणीस, तिसऱ्या रविवारी अकरा आणि त्यानंतर आम्ही सात. हजेरी मीच लिहीत असल्यामुळे मला त्याचं वाईट वाटायचं. नरसाबाईंना नाही. “त्रेचाळीस मानसं म्हंजी शाऐंशी पाय. निरं तुडवून गेले. सात बरं, सातांचे हात दिसतेत.”

मुकादम त्यांना कुणी नेमलं नव्हतं. पहिल्याच दिवशी दातांच्या डॉक्टरांनी टिकास डोक्यावर उंच उचलून मारलं आणि दगडाच्या ठिणग्या उडाल्या. नरसाबाई रोपांना पाणी घालणं सोडून वर आल्या. “डाक्टर, तुमी दात असा काढताव का? आधी हलवून बघा, मंग मुळातून उचला.” डॉक्टरांनी दगड हलवला, पहारीने उचलला आणि तो सुटून आला. त्या दिवसापासून नरसाबाई सांगतील ते काम आणि त्या सांगतील तिथे. आम्ही त्यांना काय देऊ केलं तर त्या म्हणाल्या, “ऐतवारी च्या पाजा. साखर लई टाकून.” माझ्या देखत त्या चार चमचे साखर घालत आणि माझ्याकडे बघून पाचवा.

त्यांचे नियम थोडे होते. खणण्याआधी तांब्याभर पाणी वाटेवर ओतायचं आणि ते कुठे पळतं ते बघायचं. फोटो काढायचा तर हत्यारं धुऊन झाल्यावर. आणि झाडाचं मूळ दिसलं तर वाट वळवायची, मूळ तोडायचं नाही. पाणी ओतताना त्यांच्या तोंडी तेलुगू यायचं. “दा, नीळ्ळू, दा,” असं म्हणत त्या वाकून पाण्याच्या मागे मागे चालत. ये पाण्या, ये. लेकराला बोलवावं तसं.

तांब्याचं मला पहिल्यांदा पटलं नव्हतं. एका रविवारी मी कचेरीतल्या मित्राची लेव्हलची दुर्बीण मागून आणली. पाचव्या वळणावर ढाळ कुठल्या अंगाला आहे यावर आमचा वाद झाला होता. माझं गणित सांगत होतं, डावीकडे चार सेंटिमीटर उतार. नरसाबाईंनी पाणी ओतलं, ते उजवीकडे गेलं. मी पुन्हा दुर्बीण लावली, पुन्हा चार सेंटिमीटर. मग लक्षात आलं, की मोजपट्टीची काठी मी एका हलत्या दगडावर उभी केली होती. मी तसं सांगितलं.

“जाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “दुर्बिनीला तहान लागत न्हाई, तिला कसं कळंल?”

वर्षभरात सांडवे एकतीस झाले. आणि नरसाबाईंनी ते वाटून दिले. प्रत्येकाला तीन-चार, उरलेले स्वतःकडे. पहिल्या दोन वळणांतले डॉक्टरांचे. कापड दुकानवाल्या मल्लिकार्जुन अप्पांना माथ्याजवळचे, कारण त्यांचं पोट कमी व्हायला हवं होतं. निवृत्त शिक्षिका शिंदे मॅडमना सावलीतले. मला चौदावा, चौथ्या वळणावरचा, आणि त्याच्या पुढचे दोन. पावसाळ्यात ज्याचा सांडवा त्याने आठवड्यातून दोनदा जाऊन पाला, गाळ काढायचा. कुणी विसरलं की नरसाबाई निरोप पाठवत नसत. शनिवारच्या बाजारात गर्दीतून त्यांचा आवाज यायचा, “अप्पा! तुमचा तुंबलाय!” अप्पांच्या दुकानात तेव्हा लग्नाचा बस्ता चालू होता. गिऱ्हाईकांना वाटलं, घरातली मोरी तुंबली असेल. अप्पा दुसऱ्या दिवशी उजाडताच माथ्यावर होते.

आता मला जे सांगायचं आहे त्यात चूक माझी आहे, म्हणून ते नीट सांगतो.

गेल्या वर्षी पंधरा ऑगस्टला गुट्ट्यावर झेंडावंदन करायचं ठरलं. वन विभागाचे साहेब येणार, शाळेची मुलं येणार. त्याच वेळी नरसाबाईंच्या मुलीचं बाळंतपण निघालं आणि त्या अठरा दिवस बिलोलीकडे गेल्या. वाट सजवायची कशी यावर आमची चर्चा झाली. आमच्या भागात कुठलंही सार्वजनिक काम सुंदर करायचं म्हणजे दोन्ही बाजूंना दगड लावून त्यांना चुना मारायचा. शाळा असो, स्मशान असो, हेलिपॅड असो. सूचना माझी होती. आखणीही माझी. फाटकापासून तिसऱ्या वळणापर्यंत दोनशे साठ मीटर, पंचवीस सेंटिमीटरला एक दगड, दोन्ही बाजू धरून दोन हजार ऐंशी दगड. मी दोरी लावली. दगड एकमेकांना चिकटून, मधल्या फटीत माती ठोकून, वर चुना.

या पट्ट्यात नऊ सांडवे होते. त्यांच्या तोंडाशी आलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, “इथं मोकळं सोडायचं ना?” मी दोरीकडे पाहिलं. म्हणालो, “मधेच पडलेल्या दातासारखं दिसेल.” डॉक्टर हसले आणि आम्ही दगड लावले. नऊच्या नऊ तोंडं बंद केली.

झेंडावंदन छान झालं. फोटो नांदेडपर्यंत फिरले. नरसाबाई सोळा तारखेला आल्या. फाटकापाशी उभ्या राहून त्यांनी वर पाहिलं.

“चांगलं दिसून राहिलं,” त्या म्हणाल्या. मग जराशाने, “पाणी कुटून जायचं?”

“मधून जाईल,” मी म्हणालो.

“हाव. मधूनच जाईल.”

दोन दिवसांनी सहाव्या सांडव्यापाशी चार दगड बाजूला पडलेले दिसले. गुरांनी पाडले असतील म्हणून मी परत बसवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा बसवले. तिसऱ्या दिवशी मी लवकर गेलो, तर नरसाबाई तिथे वाकलेल्या, हातात पाचवा दगड.

“मावशी, एवढं सगळ्यांनी मिळून केलंय,” मी म्हणालो.

त्यांनी दगड खाली ठेवला. “साहेब, म्या काढते, तुमी बसवताव. पाऊस आला की कळंल कोन थकतंय.” आणि त्या पिशव्या भरायला निघून गेल्या. मी पाचही दगड परत बसवले. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण घडलं ते असं.

सप्टेंबरात दोन दिवस धरून पाऊस झाला. माथ्यावरून निघालेलं पाणी तिसऱ्या वळणापर्यंत सांडव्या-सांडव्याने उतरत आलं आणि तिथून पुढे माझ्या दोन पांढऱ्या भिंतींच्या मधे शिरलं. तिथून त्याला बाहेर पडायला जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा वाटेच्या मधोमध घळ पडली होती, दुसऱ्या वळणावर त्रेचाळीस सेंटिमीटर खोल. चुन्याचे दगड मात्र जागेवर होते. सरळ रेषेत. ती घळ ओलांडताना शिंदे मॅडमचा पाय सरकला आणि उजवं मनगट मोडलं.

वन विभागाने वाट बंद केली, आणि ते बरोबरच होतं. दोन्ही टोकांना तार आणि फलक. वनपाल साहेबांनी आम्हाला सांगितलं, तीस दिवसांनी येऊन बघतो. वाट सुरक्षित वाटली तर उघडू, नाहीतर दोन्हीकडून पक्कं कुंपण. माणूस पडून जीव गेला तर जबाबदार कोण?

मला वाटलं, आपलं फिरणं गेलं. फार तर साखर वाढेल.

चौथ्या दिवशी सकाळी मी मोटारसायकलवर कचेरीला निघालो होतो. मोठ्या रस्त्याच्या कडेने नरसाबाई चालत येत होत्या. एका हातात तांब्या, दुसरा हात गुडघ्यावर. ट्रक जवळून गेला की कडेला थांबत. मी गाडी वळवली.

“इकडून कुठं, मावशी?”

“कामाला.”

“इकडून?”

“वाट बंद हाय न.”

त्या मागे एका अंगाने बसल्या. मी पहिल्यांदा विचारलं, घर कुठे आहे. गुट्ट्याच्या पलीकडच्या वस्तीत. बावीस वर्षं त्या आणि वस्तीतल्या दोघी-तिघी त्याच वाटेने रोपवाटिकेत येत होत्या. आता गुट्ट्याला वळसा. मी संध्याकाळी गाडीच्या काट्यावर मोजलं, पाच किलोमीटर चारशे मीटर. जाऊन-येऊन दहा किलोमीटर आठशे, त्या गुडघ्यावर. बरोबरच्या दोघींनी दोन दिवसांत काम सोडलं होतं.

“तुम्ही कधी बोलला नाहीत,” मी म्हणालो, “की ही तुमची कामाला यायची वाट आहे.”

“तुमी इचारलाव कधी? तुमाला वाटलं, म्या बी फिराया येते.”

मी गाडी हळू चालवत होतो. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, “तुमी आलाव ते चांगलंच झालं, साहेब. येकटीला बाराच व्हायचे. आता येकतीस हायेत.” मग रोपवाटिकेच्या फाटकाशी उतरताना, “गुडघा अजून दोन-तीन म्हैने चालंल ह्या रस्त्यानं. मंग काम सोडावं लागंल. वखत हाय तवर बघा काय व्हतंय ते.”

त्यांच्या बोलण्यात राग असता तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी वनरक्षकाची परवानगी घेऊन तारेच्या आत गेलो आणि पहिल्या दगडापासून काढायला लागलो. तीसेक दगड झाले असतील, तेव्हा मागून आवाज आला.

“दोरी आणलाव का?”

त्या पूर्ण महिन्यात मला मारलेला हा एकच टोमणा. “मी सांगत होते” हे वाक्य त्यांच्या तोंडून एकदाही आलं नाही. मी वाट बघत होतो, पण नाही आलं.

आम्ही चार रविवार आणि रोज सकाळचा एक तास काम केलं. सात जणांचे पुन्हा बावीस झाले, कारण शिंदे मॅडम हात गळ्यात बांधून आल्या आणि वहीत दगडांच्या खुणा करत बसल्या. त्यांना पाहिल्यावर घरी बसायची कुणाची हिंमत झाली नाही. दोन हजार ऐंशी दगडांपैकी सातशे बारा दगड लावून नऊ सांडव्यांचे काठ पुन्हा बांधले. उरलेल्यांचे घळीत आडवे छोटे बांध घातले आणि त्यांच्यामागे माती भरली. वाटेला बाहेरच्या अंगाला जरासा ढाळ दिला, वरण पळू नये म्हणून आपण ताट कलतं करतो त्याच्या उलट, पाणी पळावं म्हणून. नरसाबाईंचं एकच म्हणणं होतं, चुन्याचं तोंड खाली करून बसवा. “तोंड लपवा त्याचं. बघून बघून मला हसू येऊन राहिलं, काम व्हईना.”

आणि खरंच त्या हसत होत्या. तोंडावर फडकं धरून. अप्पांनी हळूच एक दगड चुन्याकडून वर बसवला, तर त्यांनी तो पायाच्या अंगठ्याने उलटवला.

तिसाव्या दिवशी वनपाल साहेब आले. वर-खाली चालून पाहिलं. दुसऱ्या वळणावर उभे राहून म्हणाले, “दिसायला ठीक आहे. पण पाऊस नाही, मला कळणार कसं?”

नरसाबाईंनी तांब्या पुढे केला. “वता, साहेब.”

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं आणि ओतला. पाणी जरा थांबलं, फुगलं, मग तिरपं होऊन सांडव्यात शिरलं आणि गवतात गेलं. “दा, दा,” नरसाबाई पुटपुटल्या. साहेबांनी दुसऱ्या जागी ओतायला लावलं, मग तिसऱ्या. फाटकावरून घागर मागवावी लागली. नऊही ठिकाणी पाणी बाहेर गेलं.

“पण आधी ते दगड लावले कुणी होते?” साहेबांनी विचारलं.

अप्पा आभाळाकडे बघायला लागले. डॉक्टरांनी टिकास न्याहाळलं. मी तोंड उघडणार, तोवर नरसाबाई बोलल्या.

“ह्या मोजनीसाहेबानं.”

“आणि काढले कुणी?”

“त्येनीच. मोजून लावले, मोजून काढले.”

साहेब हसले. तार त्याच दिवशी निघाली. वनरक्षक फलक उपटत होता तेव्हा माथ्याकडून वस्तीतल्या दोन बायका खाली येताना दिसल्या. त्यांना कुणी कळवलं होतं कोण जाणे.

माझी साखर आता एकशे चौदा आहे. औषध अर्धं झालं. चालायला सांगणाऱ्या डॉक्टरांचे मी आभार मानले, तसे नरसाबाईंचेही मानायला गेलो होतो. त्या पिशव्यांत माती भरत होत्या. “मह्यामुळं काय? चाललाव तुमी,” म्हणाल्या आणि एक रिकामी पिशवी माझ्या हातात दिली. मी अकरा पिशव्या भरल्या. आभार तेवढेच पोचले.

आज जमीन मोजायला गेलो की मी आधी बांधावर उभा राहतो आणि पाणी कुठून येतं, कुठे जातं ते शेतकऱ्याला विचारतो. मोजणीच्या नियमांत हे नाही. पण दोन शेजाऱ्यांची अर्धी भांडणं रेषेवरून नसतातच, पाण्यावरून असतात, हे मला पंचवीस वर्षं नोकरी करून कळलं नव्हतं.

यंदा दिवाळीच्या आधी नरसाबाई देगलूर सोडून गेल्या. गुडघा फारच धरला होता. मुलीने निकडीने बोलावलं. नातू चालायला लागला होता, त्याच्यामागे धावणारं कुणी हवं होतं. “धावनारी बोलवली,” नरसाबाई गुडघ्यावर हात मारत म्हणाल्या.

शेवटच्या रविवारी परतीच्या पावसाची भुरभुर होती. त्या सकाळी वस्तीवरून गुट्टा चढून-उतरून आल्या होत्या, आता त्याच वाटेने परत जायच्या होत्या. फाटकापाशी आम्ही चहा केला. त्यांनी पाच चमचे साखर घातली.

“सगळे बघून आलाव?” त्यांनी मला विचारलं.

“एकतीस. सगळे मोकळे आहेत.”

“पाणी कसं हाय?”

“दहाव्यापाशी साधारण दोन बोटं, खाली—”

“आकडा नका सांगू, साहेब. रंग सांगा.”

मी आठवून पाहिलं. “नितळ आहे.”

“माती न्हाई?”

“नाही.”

“मंग ठीक.” त्यांनी पेला खाली ठेवला, तांब्या उचलला.

“गाडीवर सोडतो,” मी म्हणालो. “मोठ्या रस्त्यानं दहा मिनिटं.”

“वाट हाय न,” त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

आम्ही खालून बघत होतो. गोणपाटाची खोळ डोक्यावर, एक हात गुडघ्यावर. दुसऱ्या वळणापाशी ती जुनी आडवाट येते. तिथे आता बोराटी नाही, गवत वाढलं आहे, पण चढता येतं. बावीस मीटर वाचतात. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही, सगळं वळण फिरून गेल्या. तिसरं वळणही तसंच. प्रत्येक सांडव्यापाशी क्षणभर थांबत होत्या. मी मोजत होतो. अकरा, बारा, तेरा.

चौदाव्याशी त्या वाकल्या. मग सरळ झाल्या, आमच्याकडे वळल्या आणि शनिवारच्या बाजारातला तो आवाज गुट्ट्यावरून खाली आला.

“मोजनीसाहेब! तुमचा तुंबलाय!”

सगळे माझ्याकडे बघून हसायला लागले. अप्पा सर्वांत जास्त. मी फावडं घेतलं आणि वर निघालो, वळणा-वळणाने. सांडव्यात पळसाची दोन पानं आडवी अडकली होती आणि त्यांच्यामागे ओंजळभर पाणी थांबलं होतं. पानं काढली. पाणी तिरपं होऊन गवतात गेलं. वर पाहिलं तेव्हा नरसाबाई सातव्या वळणाच्या पुढे गेल्या होत्या.